बालगुन्हेगाराचे वय आणि न्यायालयाचा निर्णय

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नांदे येथे दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या भाषणासाठी विषयाची निवड विश्वस्तांनी माझ्यावर सोपविली. त्यांच्या मनात वस्त्रव्यवसाय किंवा जीएसटी असा एखादा विषय असावा, असा माझा तर्क आहे. मी मात्र गुन्हा करणाऱ्या मुलांचे मन आणि त्यांच्याविषयी न्यायालये घेत असलेले निर्णय, हा विषय घेतला आहे. मी वकील नाही आणि मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापडाचा व्यापारी. बी.कॉम.ला व्यापारी कायद्याचा एक पेपर होता, तेवढाच कायद्याशी माझा रीतसर परिचय. तरीही या विषयावरील जे संशोधन सामान्य वाचकाला समजू शकते, ते मी गेली काही वर्षे सातत्याने वाचत आलो आहे. त्यास कारण ठरला पुण्यातील एका खटल्याचा निकाल. तो खटला आपल्यासारख्या व्यापारी समाजाच्या मनाला फार जवळून स्पर्श करून गेलेला आहे.

मुळशी तालुक्यातून पुण्यात उतरणारा पौड रस्ता आपणा सर्वांच्या पायाखालचा आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी त्याच रस्त्याच्या परिसरातील एका व्यापारी मारवाडी कुटुंबाच्या घरी, घरात केवळ महिला व मुले असताना, चोरीच्या उद्देशाने सात जणांची हत्या करण्यात आली. पाच स्त्रिया, त्यांपैकी एक गर्भवती, आणि दोन बालके. मी त्या कुटुंबाचे नाव येथे मुद्दाम घेत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनी त्या घराच्या दुःखात शिरण्याचे कारण नाही. त्या आठवड्यात पुण्यातील मारवाडी, गुजराती, जैन घरांत जी भीती पसरली, ती माझ्या वयाच्या सर्वांना स्मरत असेल. दुपारी बेल वाजली की दार उघडण्यापूर्वी आतून नाव विचारण्याची सवय अनेक घरांना त्यानंतर लागली.

आरोपी तीन होते. राजस्थानातून पोटापाण्यासाठी पुण्यात आलेले. एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ती कायम केली. पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली. त्या वेळी आपल्यापैकी बहुतेकांना हेच वाटले असेल की न्याय झाला. पुढे २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी एकाची फाशी जन्मठेपेत परिवर्तित केली. दुसरा फाशीच्या छायेतच राहिला.

आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या आरोपीला तत्काळ मुक्त करण्याचा आदेश दिला. कारण असे, की गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते, हे न्यायालयाने मान्य केले. कायद्याच्या दृष्टीने बालक ठरलेल्या व्यक्तीचे नाव प्रसिद्ध करू नये, असा नियम आहे. तो वृत्तपत्रांनी पाळला नाही, मी पाळतो.

बंधुभगिनींनो, हा निकाल वाचून माझ्या परिचयातील अनेकांचा संताप झाला. एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, "बारा वर्षांचा मुलगा सात जणांना मारतो, आणि आपण ते खरे मानायचे?" हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. मला विशेष वाटले ते याचे, की हाच प्रश्न न्यायमूर्तींनाही पडला होता. निकालपत्रात त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. इतक्या लहान वयात असे क्रौर्य ही कल्पना आम्हाला हादरवून टाकते, परंतु तेवढ्यावरून तर्क लढवून निर्णय देता येणार नाही, अशा आशयाचे ते विवेचन आहे. त्यापुढे न्यायालय असेही म्हणते, की बालमानसशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र यांचे ज्ञान आमच्यापाशी नाही. देशातील सर्वोच्च न्यायासनाने इतक्या स्वच्छ शब्दांत आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगावी, हे मला फार मोठे वाटले. व्यापारात आपण मापाची सीमा ओळखतो. वाराने विकायचे कापड किलोवर तोलत नाही. न्यायालयाने तसेच केले. जे माप हाती होते, म्हणजे शाळेची नोंद, त्यावर निर्णय दिला.

ती नोंद कशी पुढे आली, हे थोडे विस्ताराने सांगतो. खटल्याच्या कागदपत्रांत या मुलाचे वय विशीच्या आसपासचे लिहिलेले होते. त्याचे नावही कागदोपत्री वेगळे पडले होते. गावच्या शाळेत एक आणि पोलीस दप्तरात दुसरे, उच्चाराने जवळचे. राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या नोंदीत त्याची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ अशी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना याची चौकशी करण्यास सांगितले, त्यांचा अहवाल आला, सरकार पक्षाने हरकती घेतल्या, आणि अखेर दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचे ग्राह्य धरले गेले. तोपर्यंत त्याच्या तुरुंगवासाला अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेकांना वाटते, की हा नव्या, सौम्य कायद्याचा लाभ झाला. तसे नाही. १९९४ साली १९८६ चा बाल न्याय कायदा लागू होता. त्यात सोळा वर्षांखालील मुलगा बालक मानला जाई, आणि अशा बालकास फाशी किंवा कारावास देता येणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. बारा वर्षांचा मुलगा त्या कायद्यातही बालकच होता. त्याहून जुने पाहायचे तर मुंबई इलाख्यात बालकांसाठीचा वेगळा कायदा १९२४ मध्येच झाला होता, आणि मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अशा मुलांसाठी संस्था तर १८५७ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे विचार नवा नव्हता आणि नियमही होता. मुलाचे खरे वय किती, हा प्रश्न योग्य वेळी विचारला गेला नाही. त्या मुलापाशी तो विचारणारा माणूस नव्हता. पुढे २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, खटला संपून गेल्यावरही कोणत्याही टप्प्यावर वयाचा मुद्दा मांडता येईल, अशी तरतूद झाली. तीच २०१५ च्या कायद्यातही आहे. त्या तरतुदीमुळे हा प्रश्न इतक्या उशिरा का होईना, ऐकला गेला.

वय विचारले का गेले नसावे? याविषयी अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटला. फिलिप गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना मुलांची छायाचित्रे दाखवून वयाचा अंदाज करावयास सांगण्यात आले. कृष्णवर्णीय मुलावर गंभीर गुन्ह्याचा संशय आहे, असे सांगितले की पाहणारे त्याचे वय खऱ्यापेक्षा सरासरी चार वर्षांहून अधिक वाढवून सांगत. आपल्याकडे वर्णाचा प्रश्न वेगळा आहे, हे मान्य. परंतु गुन्ह्याच्या भीषणतेमुळे गुन्हेगार डोळ्यांना मोठा दिसू लागतो, हे आपणही स्वतःला विचारून पाहावे. पौड रस्त्याच्या परिसरात सात प्रेते पाहून आलेल्या माणसाला समोरचा पोर बारा वर्षांचा आहे असे वाटणे कठीणच होते. त्यात उन्हातान्हात काम करणाऱ्या खेड्यातल्या मुलाचे अंग लवकर निबर होते. आपल्या बाजारपेठांत अशी मुले आपण रोज पाहतो. कोणी वय विचारले तर "अठरा पूर्ण" हे उत्तर त्यांना पाठ असते.

आता मुलांच्या गुन्हेगारीविषयी शास्त्र काय सांगते, ते पाहू. बी.कॉम.ला संख्याशास्त्र हा माझा आवडीचा विषय होता, म्हणून प्रथम आलेखाविषयी सांगतो. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी १८३१ मध्येच गुन्हा आणि वय यांचा संबंध आकड्यांनी मांडला. पुढे अनेक देशांत तोच आकार पुन्हा पुन्हा दिसून आला. किशोरवयात गुन्ह्यांचे प्रमाण झपाट्याने चढते, विशीच्या आगेमागे शिखर गाठते आणि मग उतरत जाते. दिवाळीच्या विक्रीचा आलेख जसा चढतो आणि भाऊबीज झाली की उतरतो, तसा. म्हणजे त्या वयात चुकणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य पुढे आपोआप सरळ मार्गाला लागतात. टेरी मॉफिट या विदुषींनी १९९३ मध्ये यातून दोन प्रकार वेगळे काढले. न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या एक हजार सदतीस मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासाशी त्या निगडित होत्या. एक प्रकार केवळ किशोरवयापुरता वाहवत जाणाऱ्या मुलांचा, आणि हीच संख्या मोठी. दुसरा प्रकार लहानपणापासून आयुष्यभर तोच मार्ग धरणाऱ्यांचा, तो अल्पसंख्य. दुर्दैव असे, की पंधराव्या वर्षी दोघे बाहेरून सारखेच दिसतात.

दुसरे संशोधन टेंपल विद्यापीठातील लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचे. शांत बसून, विचार करून उत्तर देण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी प्रौढांइतकी होते, असे त्यांच्या अभ्यासात आढळले. परंतु रक्त तापलेले असताना, मित्र भोवती असताना, स्वतःला आवरण्याची शक्ती त्यानंतर कित्येक वर्षे वाढत राहते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात तीनशे सहा जणांना संगणकावर गाडी चालविण्याचा खेळ दिला होता. एकटे असताना किशोर आणि प्रौढ यांच्या धोका पत्करण्यात फारसा फरक नव्हता. मित्र पाठीशी उभे केले, की किशोरांनी धोका पत्करण्याचे प्रमाण पुष्कळ वाढले. प्रौढांवर त्याचा विशेष परिणाम झाला नाही. ज्यांच्या घरात सतरा वर्षांचा मुलगा आणि दारात गाडी आहे, त्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अठराखालील गुन्हेगारांना फाशी देणे बंद केले आणि निकालात अशा संशोधनाचा आधार घेतला.

आपल्या देशात मात्र वारा काहीसा उलट वाहिला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याच्या सुटकेच्या सुमारास देशभर संताप उसळला आणि २०१५ चा नवा कायदा मंजूर झाला, जो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने 'निर्घृण' या व्याख्येत बसणारा गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक पाहणी करते. त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती पाहून प्रौढ म्हणून खटला चालवावा काय, हे ठरविले जाते. ऐकावयास हे वाजवी वाटते. परंतु गुन्हा घडून काही आठवडे उलटल्यावर, त्या क्षणी त्या मुलाच्या मनात काय होते हे मोजण्याचे माप कोणाकडे आहे? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेतील हत्येच्या प्रकरणात ही पाहणी किती नाजूक आहे हे सांगितले, आणि मंडळात मानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक ठरविले. केवळ बुद्ध्यांक मोजून भागणार नाही, असा त्याचा रोख होता.

या कायद्याची परीक्षा पुन्हा आपल्याच शहरात झाली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालविल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षे आठ महिन्यांचा. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे काय झाले ते आपण सर्वांनी वाचले आहे: जनक्षोभ, बालसुधारगृह, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप आणि डॉक्टरांना अटक, नंतर उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये केलेली सुटका. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी नाकारली. यात एक कायदेशीर बारकावा आहे, जो चर्चेत हरवून गेला. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली आहे, तोच 'निर्घृण' या व्याख्येत बसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलेले आहे. सदोष मनुष्यवधाला त्या वेळी कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान शिक्षा ठरलेली नव्हती. रस्त्यावरच्या संतापाला हा भेद मान्य होत नाही, आणि दोन घरांतील मुले गेली असताना तो व्हावा अशी अपेक्षाही मी करणार नाही. निबंधाची अट मलाही विचित्र वाटली.

परंतु ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. एकात कोट्यवधींच्या गाडीतला मुलगा. त्याचे वय पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक, वकील हजर, कायद्याचे प्रत्येक कलम त्याच्यासाठी उघडलेले. दुसऱ्यात बारा वर्षांचा, परप्रांतातून आलेला, स्वतःचे नावही कागदावर नीट न लागलेला मुलगा; त्याचे वय ठरायला जवळजवळ तीन दशके गेली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशातील फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. व्यापारी माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता त्या ज्येष्ठ स्नेह्यांच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. "मग गेलेल्या सात जीवांचे काय?" माझ्यापाशी याचे समाधानकारक उत्तर नाही, आणि कोणत्याही संशोधनापाशी असेल असे मला वाटत नाही. एवढेच म्हणेन, की वयाची चौकशी १९९४ मध्येच झाली असती, तर त्या कुटुंबाला जे ऐकायचे ते तेव्हाच ऐकावे लागले असते. मुलाला बालकांच्या संस्थेत ठेवले गेले असते आणि प्रौढ आरोपीवरचा खटला आपल्या मार्गाने चालला असता. त्याऐवजी त्यांना तीन न्यायालयांनी एक सांगितले आणि एकोणतीस वर्षांनी चौथ्यांदा वेगळे सांगितले. ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांच्या जखमेची खपली पुन्हा निघाली. प्रथम केलेल्या हयगयीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. सुटकेवर रागावणाऱ्या बांधवांना माझी विनंती आहे, की त्या रागाचा रोख त्या हयगयीकडे असावा.

आणि येथे आपला, दुकानदारांचा संबंध येतो. वय ठरविण्याचा क्रम कायद्याने लावून दिला आहे. प्रथम शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. त्या तपासणीत दोन वर्षे इकडची तिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केलेले आहे. आपण काय करतो? कामावर मुलगा ठेवताना आधार कार्डाची छायाप्रत घेऊन फाईलला लावतो आणि निश्चिंत होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आधारवरील तारीख हा जन्मतारखेचा पुरावा मानता येत नाही. शाळेचा दाखला त्याहून ग्राह्य. शिवाय चौदा वर्षांखालील मुलास दुकानात कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वत्र बेकायदा आहे, मग ते नात्यातल्या कोणाच्या शिफारशीने आलेले का असेना.

घरातील मुलांविषयीही एक तरतूद सांगून ठेवतो, कारण ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. नांदे ते सूस हा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही, आणि संध्याकाळी त्यावर कोणाच्या गाड्या कोण चालवतो, हे मी येथे सांगण्याची आवश्यकता नसावी.

माझ्या दुकानात सध्या सहा मुले काम करतात; चार राजस्थानातील, दोन याच तालुक्यातील. प्रत्येकाचा शाळा सोडल्याचा दाखला मागविताना एकाचा दाखला यायला पाच महिने लागले, कारण त्याच्या शाळेत त्याचे नाव निराळे होते. त्याच धर्तीवर एक साधा नमुना मी छापून घेतला आहे. त्यात शाळेतील नाव, घरातील नाव, गाव, शाळा, जन्मतारीख, पालकांचा दूरध्वनी, एवढेच रकाने आहेत. पन्नास प्रती कार्यालयाच्या दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे बाहेरगावची मुले काम करतात, त्यांनी जाताना घेऊन जाव्यात. कमी पडल्यास विश्वस्तांकडे सांगावे, मी आणखी पाठवीन.